रोजची एक मूठ: आपत्तीनंतर मदत गोळा करणाऱ्या सिस्टर, साध्वी आणि आपण

वसईकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

आमच्या शाळेत राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, प्रत्येक मुलीला पुठ्ठ्याची एक चपटी घडी मिळायची. घरी जाऊन ती उलगडायची, कडा आत दुमडायच्या, की वर फट असलेलं छोटंसं खोकं तयार. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत ज्या ज्या गोष्टीवर पाणी सोडलं, त्याचे पैसे त्यात टाकायचे. बर्फाचा गोळा नाही खाल्ला, टाक. एसटीऐवजी चालत आलो, टाक. ईस्टरच्या आधी सिस्टर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या कॅथलिक संन्यासिनी, ती खोकी गोळा करून सगळ्यांसमोर एकाच गोणीत रिकामी करायच्या. कोणाच्या खोक्यात किती निघाले हे वर्गात कुणालाच कळायचं नाही. ते मुद्दाम होतं, हे मला फार उशिरा समजलं.

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा त्याच सिस्टर, आता थकलेल्या, हातात वही घेऊन आमच्या दारात आल्या. मी कपाटातून साड्या काढायला लागले तर म्हणाल्या, "जुनं नको गं. शिरोळकडच्या सिस्टरांशी बोलणं झालंय. नवे परकर, पॅड, आतले कपडे, बीपी-साखरेच्या गोळ्या, पोरांच्या वह्या लागणार आहेत. नाहीतर सरळ पैसे दे. तिथल्या दुकानातून घेतलं तर दुकानदारही उभा राहील." पैसे दिले. चार महिन्यांनी, नाताळच्या आसपास, त्या पुन्हा आल्या. वहीतलं माझं नाव काढून दाखवलं आणि सांगितलं की त्या पैशांतून कोणकोणत्या वस्तू घेतल्या. पुराची बातमी तोवर कधीच संपली होती. मी स्वतःही विसरले होते, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली.

मग वाचता वाचता तैवानची एक हकीकत हाती लागली आणि हा धागा काढायचं नक्की झालं. 1966 साली तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, हुआलिएन नावाच्या गावाजवळ, चेंग येन नावाची तिशीही न गाठलेली एक बौद्ध भिक्षुणी राहत होती. एका दवाखान्यात तिला जमिनीवर रक्ताचा डाग दिसला. चौकशी केल्यावर कळलं, डोंगरातल्या आदिवासी वस्तीतली एक बाई पोटातल्या बाळासह अडलेली होती, अनामत भरायला पैसे नव्हते, म्हणून तिला परत न्यावं लागलं. त्याच सुमारास गावातल्या कॅथलिक शाळेतल्या तीन सिस्टर चेंग येनकडे आल्या. धर्मावर बोलणं झालं. सिस्टरांनी विचारलं, तुमची करुणा खरी, पण तुमच्यातलं कुणी शाळा, दवाखाने, गरिबांसाठी काही उभं करताना का दिसत नाही?

ती चिडली नाही. त्यावर विचार केला. तिने आणि तिच्या मूठभर शिष्यांनी रोज तान्ह्या बाळाच्या बुटांचा एक जोड जास्त शिवायचं ठरवलं. गावातल्या तीस गृहिणींना बांबूची नळी दिली आणि सांगितलं, बाजाराला निघताना रोज पन्नास सेंट यात टाका. कुणीतरी म्हणालं, रोज कशाला, महिन्याचे पंधरा तैवानी डॉलर एकदम देते. ती म्हणाली, मग महिन्यातून एकदाच दुसऱ्याची आठवण येईल.

तिथून 'त्झू ची' ही संस्था सुरू झाली. आज ती कुठल्या कुठे गेली आहे, ते माहीतगार सांगतीलच. मला बोलायचं आहे ते त्या नळीबद्दल आणि आमच्या खोक्याबद्दल. आपण आपत्ती आली की दोन दिवस हळहळतो, पैसे पाठवतो आणि मोकळे होतो. या बायका आपत्तीच्या आधीपासून जमवत असतात आणि सगळे निघून गेल्यावरही तिथेच असतात. हे तुमच्यापैकी कुणी जवळून पाहिलं आहे का? सिस्टर असोत, भिक्षुणी असोत, साध्वी असोत. जरूर लिहा.

शिंचूकर

ताई, धागा फार आवडला. मी सहा वर्षं तैवानमध्ये आहे, चिपच्या कारखान्यात काम करतो. 3 एप्रिल 2024 च्या सकाळी आठ वाजायच्या सुमारास आमची इमारत अक्षरशः बोटीसारखी हलली. केंद्र हुआलिएनजवळच होतं, म्हणजे या संस्थेच्या माहेरीच. संध्याकाळी टीव्हीवर निवाऱ्याची दृश्यं होती आणि निळा शर्ट, पांढरी विजार घातलेले लोक घडीच्या खाटा मांडत होते, गरम जेवण वाढत होते. इथे तो पोशाख लहान मुलंही ओळखतात.

माझ्या शेजारच्या आजी त्यांच्यातल्याच. बाटल्या-पुठ्ठा वेगळा करायच्या केंद्रात आठवड्यातून तीन सकाळी जातात. त्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून सूत काढून करड्या रंगाच्या घोंगड्या विणतात आणि त्याच घोंगड्या जगभर आपत्तीच्या ठिकाणी जातात. मी एकदा विचारलं, एवढ्या वयात कचरा का निवडता? म्हणाल्या, पैसे मुलांचे असतात, हात माझे आहेत.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, भिक्षुणी स्वतः दानाच्या पैशावर जगत नाहीत. मेणबत्त्या करणं, धान्याची पिठं करणं, शेती, यावर त्यांचा मठ चालतो. काम नाही त्या दिवशी अन्न नाही, असा नियम आहे. लोकांनी दिलेलं लोकांकडे जातं आणि पोटाचं आपण बघायचं. दुसरी, परदेशी मदतीला जाणारे स्वयंसेवक विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढतात.

नोव्हेंबर 2013 मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळ आलं, सहा हजारांवर माणसं गेली. टाक्लोबान शहरात रस्ते कचऱ्याने आणि ढिगाऱ्याने भरले होते. लोक शहर सोडून निघाले होते. त्झू चीने जाहीर केलं, आपलंच शहर साफ करायला या, दिवसाला 500 पेसो देतो. तिथल्या मजुरीपेक्षा ते जास्तच होते. पहिल्या दिवशी थोडे आले, मग हजारोंनी आले. ढिगारा उपसला गेला, हातात पैसा आला, पैसा आला म्हणून भाजीवाला परत आला. रांगेत उभं राहून पिशवी घेणं आणि कामाचे पैसे घेऊन घरी जाणं, या दोन्हींत माणसाच्या पाठीचा कणा वेगळा असतो. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, त्यामागेही हाच विचार होता ना?

आणि ताई, तुम्ही सांगितलेल्या त्या तीन सिस्टरांच्या गोष्टीचा पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे का? 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सेंट अ‍ॅन सिस्टरांच्या शाळा जमीनदोस्त झाल्या. त्या कॅथलिक सिस्टरांच्या शाळा पुन्हा बांधून दिल्या त्झू चीने.

वसईकरीण

शिंचूकर, हे मला माहीत नव्हतं. वाचून डोळे भरून आले. त्या तिघींना तेव्हा काय कल्पना असणार!

पायवाट

नेपाळबद्दल थोडं. 25 एप्रिल 2015 ला 7.8 चा भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. आम्ही पुण्याहून ट्रेकिंगवाल्या मित्रांचा गट घेऊन मेमध्ये गेलो होतो. 12 मेचा मोठा धक्का आम्ही तिथे असतानाच बसला.

काठमांडूच्या बाहेर टेकडीवर द्रुक्पा या बौद्ध परंपरेच्या भिक्षुणींचा मठ आहे. नेपाळीत त्यांना 'आनी' म्हणतात. या कुंग फू शिकलेल्या आनी, 2008 च्या आसपासपासून शिकताहेत. बाहेरच्यांना ते नवल वाटतं. पण मी पाहिलं ते असं: पंचविशीतल्या पोरी, डोकी भादरलेली, मरून कपडे, तांदळाची पोती खांद्यावर घेऊन ट्रकमधून उतरवताहेत आणि जिथे गाडीरस्ता संपला तिथून चढण चढताहेत. शरीर कमावल्याचा उपयोग तिथे कळला. भूकंपानंतर त्यांना सुरक्षित जागी हलवायची तयारी होती. त्यांनी नकार दिला. आमचीच माणसं इथे आहेत, आम्ही कुठे जायचं, असं म्हणाल्या.

मदत मागतानाही त्या नेमकं मागत होत्या. महिनाभरात पाऊस सुरू होणार, म्हणून जस्तापाता, म्हणजे आपले पत्रे, आणि ताडपत्री. आमच्या गटाने मात्र पुण्यातून बिस्किटांची खोकी नेली होती. चांगल्या मनाने नेली होती, पण जिथे पोहोचायला दोन तास पायपीट तिथे बिस्किटांचं वजन कशाला वाहिलं, असं तेव्हाच वाटलं. उरलेला निधी आम्ही पत्र्यांना दिला.

पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, याच परंपरेतल्या पाचशे आनी काठमांडूहून लेहपर्यंत सायकलवर गेल्या. मुलींची विक्री थांबावी यासाठी. भूकंपानंतर मुली पळवून नेण्याचं प्रमाण वाढलं, हे त्यांनी गावागावांत पाहिलं होतं. मदत करणारा तिथेच राहिला तरच त्याला असली गोष्ट दिसते.

औसेकर

मी किल्लारीच्या भूकंपातला. आमचं गाव उठलं, म्हणजे पुनर्वसनात गेलं.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. 30 तारखेच्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना झालं. आमच्याकडं घरं दगडमातीची, दोन दोन हात जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा थर चढवायचे. तोच थर अंगावर आला. माझे आजोबा, चुलती आणि तिची दोन लेकरं गेली. मी नऊ वर्षांचा होतो.

मदत आली नाही असं कुणी म्हणू नये. सगळ्या देशातून आली. पण रस्त्याच्या कडंला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, पावसात भिजून कुजले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नऊवारी नेसणाऱ्या बायांना काय काय कपडे आले होते, काय सांगू. माझी आई त्या ढिगाकडं बघायचीसुद्धा नाही. भिकारी झाल्यासारखं वाटतं म्हणायची.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा दोन सिस्टर यायच्या. कुठल्या संस्थेच्या, मला आजही सांगता येणार नाही. एक मल्याळी होती, मराठी मोडकं बोलायची. त्या काही वाटायला यायच्या नाहीत, पहिले कित्येक दिवस नुसत्या बसायच्या. आई रडायची, ती मल्याळी सिस्टर हात धरून बसायची. महिन्याभरानं तिनं आईला विचारलं, तुला काय येतं? आई म्हणाली, गोधडी येते. मग आठ दिवसांनी सुया, दोरा आणि नव्या कापडाचे तुकडे घेऊन आली. शेडमधल्या दहाबारा बाया गोधड्या शिवायला बसल्या. त्या गोधड्या ती मुंबईला कुठंतरी विकायची आणि पैसे आणून द्यायची, नाव लिहून, सही घेऊन. आईला सही येत नव्हती. अंगठा नको, सही शिक म्हणाली. आई पन्नास वर्षांची होऊन सही शिकली.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पक्की घरं आली, गावं नव्या जागी बसली. सिस्टर तोवर येत होत्या. आमच्या घराच्या वास्तूला आईनं त्यांना जेवायला बोलावलं होतं.

आई आता नाही. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

पायवाट

औसेकर दादा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. दुसरं काही सुचत नाही.

नीट_विचारू

वरचं सगळं वाचलं आणि औसेकरांचं वाचून गलबललो. तरी एक शंका मांडतो, राग मानू नका. संकटातल्या माणसाला मदत करताना धर्मप्रसार होतो अशी अनेकांच्या मनात भीती असते. माझ्या आईवडिलांच्याही आहे. शिवाय एखादी सिस्टर दारात आली आणि पैसे मागितले, तर ती खरी कशावरून, पैसे जातात कुठे, हे सामान्य माणसाने कसं तपासायचं?

वसईकरीण

राग कसला. विचारायलाच हवं.

पहिल्या प्रश्नाला मी पंथाची वकिली करून उत्तर देणार नाही. माझी कसोटी साधी आहे. मदत घेणाऱ्याला काही ऐकावं लागतं का, कुठे बसावं लागतं का, नाव बदलावं लागतं का? लागत असेल तर तो सौदा झाला, तो सिस्टरने केला तरी चूक आणि आणखी कुणी केला तरी चूकच. भुकेल्याच्या अगतिकतेवर काही उभारू नये. हैतीतल्या शाळा बौद्धांनी बांधल्या आणि त्या कॅथलिकच राहिल्या. औसेकरांच्या आईच्या घरची वास्तुशांत झाली आणि सिस्टर पंगतीला बसल्या. मला ते पुरेसं वाटतं.

पैशांचं हिशेबनीस सांगतील का? तुम्ही विश्वस्त संस्थांचं काम बघता असं आधीच्या एका चर्चेत म्हणाला होतात.

हिशेबनीस

सांगतो. थोडं रुक्ष आहे, पण उपयोगाचं आहे.

महाराष्ट्रात संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागा. दारात आलेल्या खऱ्या सिस्टर तो विचारल्यावर नाराज होत नाहीत, पावतीपुस्तकावर छापलेलाच असतो. पैसे व्यक्तीच्या नावावर कधीही देऊ नका, संस्थेच्या खात्यावर द्या. आयकरात देणगीवरची सवलत (लोक तिला 80जी म्हणतात) हवी असेल तर 2,000 रुपयांहून जास्त रोख दिलेली चालत नाही, आणि वस्तू दिल्या तर सवलत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलतच नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

परदेशी पैशाचा कायदा वेगळा, विदेशी योगदान विनियमन कायदा, लोक एफसीआरए म्हणतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर तीन मोठे बदल झाले. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. प्रशासकीय खर्च 50 ऐवजी 20 टक्क्यांच्या आत हवा. आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. या तिसऱ्याचा फटका छोट्या कॉन्व्हेंटना, म्हणजे सिस्टरांच्या मठांना, बसला. पूर्वी मोठी संस्था निधी मिळवायची आणि खेड्यात काम करणाऱ्या चारपाच सिस्टरांच्या संस्थेकडे पाठवायची. ती वाट बंद झाली. मोठ्या संस्थांनाही कागद चुकत नाहीत: मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या एफसीआरए नोंदणीचं नूतनीकरण डिसेंबर 2021 मध्ये नाकारलं गेलं होतं, जानेवारी 2022 मध्ये परत मिळालं. पैशांवर लक्ष हवंच, माझा व्यवसायच तो आहे. पण गावपातळीवरच्या प्रामाणिक माणसाला त्याचा जाच होतो, हेही मी रोज बघतो.

म्हणूनच देशातल्या माणसांच्या लहान, नियमित देणग्यांना आता जास्त किंमत आली आहे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते. मग मी इथून पाठवलेले पैसे परदेशी धरतात का?

हिशेबनीस

पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवत असाल, तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही ते परदेशी. मग ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे तिलाच द्या. पाठवण्याआधी संस्थेला आपलं नागरिकत्व स्पष्ट सांगा, नाहीतर अडचणीत ती येते.

चालकुडीची_सून

मी मूळची डोंबिवलीची, लग्न होऊन केरळात आले. वसईकरीण ताईंनी खोक्याची गोष्ट सांगितली, बांबूच्या नळीची सांगितली. इथे तिसरी आहे: पिडियरी, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि ते चर्चमध्ये द्यायचे. एकोणिसाव्या शतकात फादर चावरा यांनी ही पद्धत घराघरांत रुजवली. गरिबांची पोरं शाळेत टिकावीत म्हणून त्यांना दुपारचं जेवण त्या तांदळातून मिळायचं. त्यांनीच 1866 मध्ये कूनम्मावु इथे केरळातला पहिला देशी सिस्टरसंघ उभा केला. तैवानची नळी बरोबर शंभर वर्षांनी आली, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं!

ऑगस्ट 2018 च्या पुरात चालकुडी नदी आमच्या ओट्यावर नाही, माडीच्या जिन्यापर्यंत आली. राज्यभरात साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, लाखो छावण्यांत होती. आम्ही नऊ दिवस कॉन्व्हेंटच्या शाळेत राहिलो. मी, सासूबाई, शेजारचं मुस्लिम कुटुंब, सगळे एकाच वर्गात. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल आणि साप. सिस्टर झगे वर खोचून, फावडी घेऊन आल्या. विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली. पैसे तर पुढे आले, पण त्या चिखलात आधी पाय कोणी घातला हे मी कधीच विसरणार नाही.

साताऱ्याची

चालकुडीची सून यांची पिडियरी वाचून थक्क झाले. अहो, आपल्याकडेही हेच होतं! कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड. वसतिगृहातल्या पोरांसाठी गावच्या बाया रोज दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायच्या. माझी पणजी काढायची, आमच्या घरात ते मडकं दाखवत असत. आणि धान्य संपलं त्या दिवशी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. त्या काही संन्यासिनी नव्हत्या, पण मला हे सगळं एकाच माळेतलं वाटतं.

आमच्या सोसायटीत हे पुन्हा सुरू करावं का? दर घरी एक डबा. महिन्याला गोळा करायचं, विकून पैसे बँकेत ठेवायचे आणि पूर, दरड, आग काही झालं की सहा महिन्यांनी द्यायचे. आधी नाही.

वसईकरीण

जरूर करा. सहा महिन्यांनी हे फार आवडलं. मी माझ्या सिस्टरांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: वही ठेवा, आणि कुणाच्या डब्यात किती हे कुणाला सांगू नका.

औसेकर

साताऱ्याच्या ताई, ज्वारी ठेवणार की तांदूळ? महिनाभर डब्यात राहिलं की तांदळात पोरकिडे होतात. आई डब्याच्या तळाला कडुलिंबाचा पाला घालायची. ओला नको, सावलीत वाळवलेला.

साताऱ्याची

ज्वारी म्हणत होते, पण आता निम्म्या घरांत भातच असतो. पाला उद्याच आणते. आमच्या गेटजवळच झाड आहे.